आगेऱ्याची पाळी

सूप बुधवारीच धुऊन उन्हात वाळवलं होतं. तरी शनिवारी संध्याकाळी रेमेत ओटीवर पाय पसरून ते पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसत बसली होती.

“किती पुसशील? कामट्या निघतील त्याच्या,” कतरीन आतून म्हणाली.

“निघू देत. उद्या सगळ्या पाखाडीच्या बायका माझ्या भावाचं तोंड बघायच्या आधी सूप बघतील. मर्तिनाच्या घरची पाळी आली तवा सुपाला शेण लागलेलं हुतं, आठवतं ना?”

“तू बघितलंस?”

“सगळ्यांनी बघितलं. फादरनी पण बघितलं. फादर बोलले न्हाईत, ते येगळं.”

कतरीन हसली आणि नारळाचं दूध गाळू लागली. उद्याच्या खिरीची तयारी चालली होती. सोमवारपासून ती दिवसातून एकदाच जेवत होती, आणि उद्या लोंब्यांवर पवित्र पाणी पडेपर्यंत तोंडात काही घालणार नव्हती. हा तिचा नवस. असे नवस तिचे पुष्कळ होते. शुक्रवारी मीठ नाही, सकाळी रोजरी झाल्याशिवाय चहा नाही, ईस्टरआधीच्या चालीस दिवसांत नवं लुगडं नाही. रेमेत, तिची बिनलग्नाची नणंद, म्हणायची की वहिनीला स्वर्गात पोचल्यावर आधी पोटभर जेवण मागावं लागेल.

आगेऱ्याची, म्हणजे नव्या भाताच्या सणाची, पाळी त्यांच्या पाखाडीत घरामागून घर फिरत येते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ज्या घराची पाळी त्या घराने आपल्या शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या कापायच्या, सुपात मांडायच्या आणि वाजतगाजत चर्चमध्ये वेदीपाशी न्यायच्या. सूप एकट्याने न्यायचं नसतं. एका बाजूला घरातला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. मागच्या वेळी पाळी आली तेव्हा सासरे पास्कू हयात होते आणि तिचा नवरा इनास आणि धाकटा दीर दुमिंग या दोन भावांनी सूप धरलं होतं. दोघांनाही तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. पाळी फिरून परत येईतो इनासचं डोकं पांढरं झालं, अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. दुमिंग मागच्याच आळीत राहत होता, आणि या घराकडे पाठ फिरवून राहत होता. पुढची पाळी येईल तेव्हा इनास नसणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

म्हणूनच मुलगा रुबेन सुट्टी काढून आला होता. उरणच्या बंदरातली रात्रपाळी उरकून, न झोपता, गाडी चालवत.

“पप्पा, चला, एकदा धरून बघू,” त्याने सूप उचललं. “तुम्ही डाव्या हाताने धरा. वजन माझ्याकडे.”

इनास खुर्चीतून उठला. डाव्या हाताची बोटं त्याने सुपाच्या कडेत नीट रोवली. दोघं ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. रेमेत बॅंडवाल्यांसारखे गाल फुगवून तोंडाने बाजा वाजवू लागली. इनासच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्याने समोर पाहिलं, सुपाच्या दुसऱ्या कडेला, आणि तो थांबला.

“दुमिंग?”

रेमेतचा बाजा बंद पडला.

“पप्पा, मी आहे ना,” रुबेन म्हणाला.

“दुमिंग... कुठं?”

“ते नाही येणार,” कतरीन दारात येऊन म्हणाली. “तुम्हाला ठाऊक आहे. बसा आता, दमाल.”

दोघा भावांचं भांडण उघाडीवरून झालं होतं. पाखाडीची सगळी शेती खाडीच्या बांधाआड. त्या बांधाला एक मोरी आहे, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या वर करायच्या म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरतीच्या आधी फळ्या खाली सोडायच्या, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. शेतमालकांनी हे काम पाळीने वाटून घेतलेलं. भांडण झालं त्या वर्षी एका उधाणाच्या रविवारी पाळी इनासची होती, आणि भरती नेमकी चर्चमधल्या मिस्सेच्या वेळेला. इनास दारात घुटमळला होता. एक पाय चर्चकडे आणि एक बांधाकडे. तेव्हा कतरीन म्हणाली होती, रविवार देवाचा आहे. आपण त्याची आज्ञा मोडायची नाही. शेत तो राखील.

पाणी शिरलं. इनासचं शेत जरा उंचावर, ते निभावलं. दुमिंगचं सगळ्यात खाली. पोटरीला आलेलं त्याचं भात आठ दिवसांत पिवळं पडलं, आणि खारटलेल्या मातीत पुढचे काही हंगाम गवतही नीट उगवलं नाही. अलिबागेकडे मुंबईवाल्यांचे बंगले आहेत, तिथे दुमिंग राखणीला राहिला. जमीन पुन्हा गोडी झाली तेव्हा परत आला. पण त्या पहिल्या दिवशी, चिखलाच्या पायांनी दारात येऊन तो ओरडला होता, तेव्हा इनास त्याला म्हणाला होता, “मी देवाची आज्ञा पाळली. बाकी त्याची मर्जी.”

ते ऐकून दुमिंग गेला, तो आजपर्यंत या पायरीवर चढला नव्हता. रविवारच्या मिस्सेलाही तो दिसत नसे. लोक म्हणत, धर्म सोडला त्याने.

“मी रोज रोजरीतलं एक दशक, दहा मण्यांचं, त्यांच्या नावाने करते,” कतरीन रुबेनला म्हणाली. विचारलं कोणी नव्हतं. “देवाला काय काय बोलून गेले ते त्या दिवशी. तरी माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. मी कधीच क्षमा केली.”

रेमेतने सुपाची कड खरवडत, मान वर न करता म्हटलं, “तुझ्या मनातलं कोनी इचारलंय, वहिनी?”

“म्हणजे?”

“मी आपली मिस्सेत डुलक्या काढनारी बाई. पन बायबलातलं ते दान येदीपाशी ठेवायचं आनि आधी भावाकडं जायचं, ते वाचतात ना, तवा मी जागी असते. त्यात काय हाय? तुजा भाऊ तुज्यावर रागावलेला हाय, असं आठवलं तर जा. तू भावावर रागावलीस तर जा, असं कुठं हाय? तू रागावलेली न्हाईस, मला म्हाईत हाय. तो हाय ना.”

खिरीच्या भांड्याखाली गॅस मोठा झाला होता. कतरीन तो बारीक करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

रविवारी सकाळी चर्चच्या अंगणातल्या क्रुसाजवळ पाखाडी जमली. बॅंडवाले आले होते. मुली डोक्यावर झेंडूची फुलं माळून रांगेत उभ्या होत्या. प्रत्येक घराने आपापली लहानशी पेंढी आणली होती, पण नजरा सुपाकडे. रात्या भाताच्या तांबूस लोंब्या, खाली पांढरा रुमाल. रेमेत जरा बाजूला उभी राहून लोकांचे चेहरे वाचत होती आणि खूश होती. सुपाला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. इनासने लग्नातला कोट घातला होता. तो खांद्यावर सैल पडत होता, तरी माणूस ताठ उभा होता.

कतरीनला मात्र त्या लोंब्यांकडे बघवत नव्हतं. रात्री तिने नेहमीप्रमाणे गुडघे टेकले होते. दुमिंगच्या नावाच्या दशकावर आली आणि अडकली. रोज ती काय मागत होती? त्याला सुबुद्धी दे. रोज, एवढी वर्षं, तिने देवाला दुमिंगकडे पाठवलं होतं, आणि स्वतः मागच्या आळीत गेली नव्हती. उपास तिने आपल्या मनाने धरले होते. कुठला वार, काय सोडायचं, किती दिवस, सगळं तिचं तिने ठरवलेलं. आधी भावाकडे जा, ही एक गोष्ट तिला न विचारता सांगितलेली होती, आणि नेमकी तीच राहून गेली होती. ती उपाशी राहिली होती, पण ऐकलं नव्हतं.

फादर झगा सावरत पायऱ्या उतरले. तरुण होते, दोन वर्षांपूर्वीच आलेले. “चला, इनासअंकल. तयार?”

इनासने सुपाला हात घातला. रुबेनने दुसरी बाजू धरली. बॅंडच्या म्होरक्याने तुतारी ओठाला लावली.

“फादर, थांबा,” कतरीन म्हणाली.

आवाज तिचा नेहमीचाच, हळू. म्हणून आधी कोणाला ऐकू गेलं नाही. तिने रुबेनच्या हातातून सुपाची कड घेतली आणि सूप क्रुसाच्या पायथ्याशी टेकवलं.

“आम्ही दुमिंगभावजींकडे जाऊन येतो.”

“आत्ता?” फादर म्हणाले. “मावशी, मिस्सेनंतर जा ना. मी येतो तुमच्याबरोबर. चांगलीच गोष्ट आहे, पण सगळं गाव उभं आहे.”

“मिस्सा थांबवू नका. आमची पाळी दुसऱ्या घराला द्या.”

रेमेत गर्दी सारत पुढे आली. “येडी झालीस काय, वहिनी?” ती दबक्या आवाजात म्हणाली, पण तिचा दबका आवाज बॅंडपर्यंत जात असे. “मी आपलं सहज बोलले गो! तोंड हाय, बोलतं. तू काय माझं ऐकतेस? आजवर कदी ऐकलंस माझं?”

“तुझं नाही ऐकत.”

“आठवडाभर उपाशी ऱ्हायलीस, तो उपास फुकट घालवतेस?”

“असू दे.”

रुबेन आईच्या अगदी जवळ आला. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. “आई, पप्पांकडे बघ. ही पाळी परत येणार नाही. तुला समजतंय ना मी काय म्हणतोय? देवाला अर्धा तास उशीर चालेल. पप्पांना नाही चालणार.”

हे मात्र तिला लागलं. ती इनासकडे वळली. एवढा वेळ तिने त्याला विचारलंच नव्हतं. त्या रविवारीही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “सूप तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही म्हणालात चला आत, तर मी मागून चालते, पुन्हा शब्द काढणार नाही.”

इनासने खाली सुपाकडे पाहिलं. मग चर्चच्या उघड्या दाराकडे, आतल्या मेणबत्त्यांकडे. त्याचा ओठ एका बाजूला ओढला गेला. रुबेनला वाटलं, पप्पा रडणार.

“गाडी... काढ,” इनास रुबेनला म्हणाला.

फादर जवळ आले. मग त्यांनी कतरीनला हळूच विचारलं, “मावशी, ते तुम्हाला दारातून हाकलतील कदाचित. माहीत आहे ना?”

“हाकलतील तर हाकलतील. आधी जा म्हटलंय, फादर. जाऊन काय होईल ते नाही म्हटलेलं.”

“जा मग,” फादर म्हणाले आणि त्यांनी मागे वळून मर्तिनाच्या थोरल्या मुलाला खूण केली.

रेमेतने कपाळावर हात मारून घेतला. आणि गाडीचं दार लागायच्या आत तीही आत येऊन बसली.

*

दुमिंगच्या घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, “बांधावर गेले. आज उधाण हाय ना. आयतवारी उघाडी त्यांच्याकडंच असते.”

“दर आयतवारी?” रुबेनने विचारलं.

“दर. बाकीचे मिस्सेला जातात, ते जात न्हाईत. मागून घेतलेत त्यांनी सगळे आयतवार.”

ते पुन्हा गाडीत बसले. रुबेन रागातच गाडी चालवत होता. राग कोणाचा, ते आता त्याला नीट सांगता आलं नसतं. लहानपणी दुमिंगकाका त्याला खांद्यावर घेऊन या बांधावरून पळायचा. मग एक दिवस काका समोरून आला की रस्ता बदलायचा, एवढंच त्याला शिकवण्यात आलं. का, ते विचारलं तर आई म्हणायची, त्यांनी देवाला नावं ठेवली. त्याने ते मानलं होतं. आरशात त्याने मागे पाहिलं. पप्पांचा लुळा हात आत्याने आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती तो चोळत होती.

गाडी बांधापर्यंतच जात होती. पुढे चालायचं होतं.

*

दुमिंगने त्यांना लांबूनच पाहिलं. बांधावर सणाच्या कपड्यांत चार माणसं, आणि त्यातला एक पाय ओढत चालणारा. आधी त्याला वाटलं, कोणी गेलं. मरणाच्या निरोपाशिवाय या माणसांनी त्याच्याकडे यायचं काही कारण नव्हतं. मग त्याने मोजदाद केली, त्या घरातली सगळी तर इथेच येत होती.

त्याची उघाडीच्या एका खाचेतली फळी सोडून झाली होती. दुसरी अजून वर टांगलेली होती. खाली खाडीचं पाणी चढायला लागलं होतं, कडेच्या तिवरांची मुळं एकेक करून बुडत होती. मागे शेतात भात डोलत होतं. त्याचंही.

ती जवळ आली तेव्हा तो म्हणाला, “मिस्सा सुटली येवढ्यात?”

“न्हाय,” कतरीन म्हणाली. त्याच्यासमोर तिची भाषा आपोआप जुनी झाली. “आमी निघून आलो.”

“आज पाळी हाय ना तुमची?”

“व्हती. मर्तिनाच्या घराला दिली.”

दुमिंगने बहिणीकडे पाहिलं.

“माज्याकडं बघू नको,” रेमेत धापा टाकत म्हणाली. “मी घसा फोडून सांगितलं. माजं कोन ऐकतो?”

“कशाला आलात?”

कतरीनने वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. “तुमच्या मनात काय हाय, ते ऐकायला,” ती म्हणाली.

“येवढ्या वर्सांनी?”

“व्हय.”

“आनि ऐकून?”

“ते मला म्हाईत न्हाय, भावजी.”

दुमिंगने दोरी हाताला गुंडाळली आणि सोडली, पुन्हा गुंडाळली. मग तो बोलायला लागला, पण त्यांच्याकडे न बघता, पाण्याकडे बघत.

“शेत गेलं, त्याचं न्हाय. खाडीच्या काठाला ऱ्हातो आपन, शेत जातं. शेजारच्या धर्माजीचं दोनदा गेलंय, तो काय बांधाशी भांडतो? दादा विसरला असता, झोपला असता, दारू पिऊन पडला असता, तरी मी चार शिव्या दिल्या असत्या आनि संध्याकाळी त्याच्याकडंच जेवलो असतो. पन दादानं दारात उभं ऱ्हाऊन देवाला पुढं केला. मी कोनाशी भांडू? भावाशी भांडता येतं. देवाशी कसा भांडू? मिस्सेत जाऊन बसलो की मला तेच ऐकू यायचं. मी आज्ञा पाळली, मी आज्ञा पाळली. म्हंजे माजं शेत बुडावं ही देवाची आज्ञा व्हती काय?”

दोरी त्याने पुन्हा मनगटाला गुंडाळली.

“आनि वहिनी, तूच म्हनालीस ना त्याला, शेत देव राखील?”

कतरीनच्या तोंडात शब्द गोळा झाले. माझ्या मनात वाईट नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. ते सगळे खरे होते. पण ते एकदा बाहेर पडले असते तर दुमिंगला पुन्हा तिचं मन ऐकावं लागलं असतं, आणि आज ती त्यासाठी आलेली नव्हती. तिने ते गिळले. आठवडाभराच्या उपासात एवढं जड काही गेलं नव्हतं.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच.”

दुमिंगने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. तिने आणखी काहीतरी म्हणावं, म्हणजे त्याला तोडून टाकता येईल, अशी त्याची तयारी होती. ती पुढे काहीच बोलली नाही. तो नुसताच उभा राहिला.

“फ... ळी,” इनास म्हणाला.

खाली पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागलं होतं. पहिली चिंचोळी धार आत शेताच्या बाजूला घुसत होती. इनास पाय ओढत पुढे झाला आणि वर टांगलेल्या फळीला त्याने डावा हात घातला.

“हात लावू नको,” दुमिंग खेकसला. “आज आयतवार हाय. पाप लागंल.”

रुबेन पुढे सरकला, पण कतरीनने त्याची बाही धरली.

इनासने हात काढला नाही. मान वळवून त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. बोलायला त्याला वेळ लागत होता. शब्द तोंडात यायचा, पडायचा, पुन्हा उचलावा लागायचा.

“ला... गू दे,” तो म्हणाला.

रेमेत फसकन हसली. मग तिने पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलू लागले, ते हसण्याने नव्हते.

दुमिंगने दोरी ढिली केली. फळी पावसाने फुगलेली, खाचेत सरळ उतरत नव्हती. तो एका बाजूने दाबू लागला, इनास दुसऱ्या बाजूने, कोटाच्या बाहीसकट चिखलात. फळी तिरकी झाली, अडकली. इनासने नकळत लुळा हातही पुढे टेकवला. तो हात खाचेच्या तोंडाशीच पडला.

“बोटं! बोटं काढ, चिरडतील,” दुमिंग ओरडला आणि त्याने तो हात मनगटाला धरून उचलला. उचलल्यावर त्याला तो किती हलका झालाय ते कळलं. लहानपणी याच हाताने दादाने त्याला या खाडीतून केसाला धरून बाहेर काढलं होतं. तो हात त्याने लगेच खाली ठेवला नाही. आपल्या खांद्यावर घेतला आणि दुसऱ्या हाताने, अंगाचा भार टाकून, फळी दाबली. इनासनेही दाबली. फळी कुरकुरली आणि खाली गेली.

आतली धार बारीक झाली, आणि थांबली. बाहेर खाडी फळीवर येऊन आदळू लागली.

लांबून, झाडांच्या वरून, चर्चची घंटा ऐकू आली. अर्पण आटोपून फादर भाकर उंचावत असतील. कतरीनने क्रुसाची खूण केली. वर बघते तो दुमिंगची टोपी त्याच्या हातात होती. त्याने ती सवयीने काढली होती, कोणी बघतंय हे लक्षात न घेता. म्हणजे दर रविवारी, इथे, एकटाच. तिला आपल्या रोजच्या दशकाची इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

“संध्याकाळी अलिबागला मिस्सा आहे,” रुबेन हळूच म्हणाला. “मी नेईन सगळ्यांना.” ‘सगळ्यांना’ म्हणताना तो काकाकडे बघत होता.

“माजं नको बोलू,” दुमिंग टोपी चढवत म्हणाला. “मला अजून बसवत न्हाय तिथं.”

“बरं,” कतरीन म्हणाली. तिने आग्रह केला नाही.

दुमिंगने दोरी खुंटीला बांधली. गाठ दोनदा सोडून पुन्हा घातली. इनास बांधावर टेकला होता, कोटाला कोपरापर्यंत चिखल, धाप लागलेली. रेमेत त्याचं तोंड पदराने पुसत होती, आणि पुसता पुसता कोटाला रडत होती, की लग्नातला आहे, आता धोब्याकडेही निघायचा नाही.

“पुढचं उधाण पन आयतवारीच येतंय,” दुमिंग गाठीकडे बघत म्हणाला.

मग त्याने गाठ आवळली.

“पाळी दादाची.”

इनासने मान वर केली. रुबेन काहीतरी म्हणायला निघाला, पप्पांना जमणार नाही, त्यांच्याऐवजी मी, असं काहीतरी. कतरीनने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

“ये... ईन,” इनास म्हणाला.

“फळी तुला एकट्याला हलायची न्हाय. मी आसंन.” दुमिंग वळला, गमबुटांतला चिखल आपटत चार पावलं गेला आणि थांबला. “आनि लौकर ये. घंटेची वाट बघत बसू नको.”